पोच

आमच्या घरमालकांना कुणी काही सांगितलं की ते "पोचलं" म्हणायचे. हो नाही, बरं नाही, पोचलं. आणि वर आपण सांगितलेलं आपल्यालाच परत ऐकवायचे. "काका, उद्या दूधवाला येणार नाही," म्हटलं की उत्तर यायचं, "पोचलं. दूधवाला उद्या नाही." ही सवय त्यांनी स्वतःपुरती ठेवली असती तर माझी काही तक्रार नव्हती. पण ते दुसऱ्याकडूनही तेच मागायचे. जिन्याखाली उभे राहून हाक मारायचे, "पोरी, नळ आले." मी वरून नुसतं भांडं वाजवलं तर पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी गुडघ्यावर हात ठेवत जिना चढून यायचे आणि दारात उभे राहून अगदी शांतपणे सांगायचे, "नळ आले." तोवर नळ गेलेले असायचे.

हयातभर त्यांनी पोलिसांच्या वायरलेसवर नोकरी केली होती. सेमाडोहच्या जंगलापासून तेल्हाऱ्याच्या कापसापर्यंत सगळी ठाणी कानाला लावून बसलेला माणूस. निवृत्त झाल्यावर अकोल्यात घर बांधलं. खाली नवरा-बायको दोघं, वरची खोली भाड्याने. मी चांदूर रेल्वेची. बदलीवर अकोल्याला आले तेव्हा तिशी उलटली होती, लग्न झालेलं नव्हतं, आणि होईल असं घरच्यांनाही वाटेनासं झालं होतं. खोली देताना काकांनी जात विचारली नाही, रात्री किती वाजता येणार तेही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "हाक मारली तर ओ देशीन काय?"

मी शेतीच्या खात्यातल्या एका कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर होते. आलेला कागद घ्यायचा, शिक्का मारायचा, वहीत नंबर टाकायचा आणि आणणाऱ्याच्या प्रतीवर तोच नंबर लिहून सही द्यायची. यालाच पोच म्हणतात. हे ऐकून काका इतके खूश झाले की आत जाऊन काकूंना म्हणाले, "आपल्याच लाइनची हाये."

काकूंना अर्धांगवायू झालेला होता. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं, आणि सगळ्या भाषेतला एकच शब्द मागे उरला, "नाही". चहा पाहिजे का विचारलं तर नाही म्हणायच्या आणि डाव्या हाताने कप ओढून घ्यायच्या. त्यामुळे त्यांच्या बोलण्यावर कुणी विसंबून राहू शकत नव्हतं. दिवसा त्यांचं सगळं पंचफुला बघायची. शहराच्या कडेला तिची दोन एकर जमीन होती, वांगी, मेथी आणि सणापुरता झेंडू. पहाटे नवऱ्याबरोबर भाजी तोडून बाजारात घालायची आणि नऊच्या ठोक्याला काकूंकडे हजर. भाजीची पाटी उचलावी तशी ती काकूंना कमरेतून एका झटक्यात उचलायची. काकांना ते कधीच जमलं नाही. त्यांनी उचललं की काकू कण्हायच्या.

तर या काकूंसाठी काकांनी घर "बोलतं" करायला घेतलं. त्यांचा हिशेब सरळ होता. बाईला तीन गोष्टी लागतात, पंखा, दिवा आणि कुणाला तरी हाक. डावा हात चालतो, म्हणजे तीन बटणं पुरे. "आधी माणसाले काय लागते ते पाहाव, मंग यंत्र पाहाव," असं ते म्हणायचे. आजकाल लोक उलटं करतात, दुकानात जाऊन यंत्र आणतात आणि मग घरात त्याला काम शोधत बसतात. तारा ओढायचा प्रश्नच नव्हता. सगळा जन्म बिनतारीत गेलेल्या माणसाला भिंती खोदणं म्हणजे हार पत्करण्यासारखं वाटायचं.

पहिल्यांदा त्यांनी टीव्हीच्या रिमोटसारखा पंख्याचा रिमोट आणला. काकूंना मच्छरदाणीतून डाव्या हाताने नेम धरावा लागायचा, आणि मध्ये पंचफुला उभी असली की पंखा ऐकायचा नाही. काकांनी दोन दिवसांत निकाल दिला, "हे सरकारी माणसावाणी हाये. तोंडासमोर उभं राहिल्याबिगर ऐकत नाही." म्हणताना माझ्याकडे बघत होते.

मग बाजारातल्या रेडिओ दुरुस्तीवाल्या भाईजानकडून त्यांनी रेडिओलहरींवर चालणारी स्वस्तातली बटणं आणली. यांना नेम लागत नव्हता, भिंतीआडूनही चालायची. भाईजान मात्र प्रामाणिक माणूस. विकतानाच म्हणाला, "साहब, इसमें पोच-वोच नहीं आती. बटन दबाओ और दुआ करो." बटण आपलं ओरडून मोकळं होतं, पलीकडे कुणी ऐकलं की नाही याची त्याला फिकीर नसते. काकांना हे आधीच खुपत होतं. त्यात शेजाऱ्यांनीही नेमकी तीच बटणं घेतलेली निघाली. त्यांनी त्यांच्या ओसरीतला दिवा मालवला की आमच्या काकूंचा पंखा बंद, तोही अकोल्याच्या मे महिन्यात. तीन दिवस दोन्ही घरं एकमेकांना विचारून बटणं दाबत होती. चौथ्या दिवशी काकांनी ती भाईजानला परत केली आणि म्हणाले, "ज्याले पोच नाही ते घरात नको." ब्लूटूथचं एक प्रकरण झालं, पण ते दुसऱ्या खोलीपर्यंत पोचेना. काका म्हणाले, हे जुन्या सुनेवाणी आहे, उंबरठा ओलांडत नाही.

मुलगा पुण्याला संगणकाच्या कंपनीत होता. त्याला हे सगळं कळलं तेव्हा त्याने एक खोकं पाठवलं. त्यात वायफायवरचे प्लग होते आणि एक बोलणारा डबा होता. डब्याला तोंडाने सांगायचं, पंखा लाव, आणि पंखा लागायचा. मुलाने बोलून हुकूम देण्याचं यंत्र पाठवलं होतं, आणि ते जिच्यासाठी पाठवलं तिला बोलता येत नव्हतं. ही गोष्ट खोकं बांधताना त्याच्या डोक्यात आली नसेल, असं आपण समजू. काकूंनी डब्याकडे बघून "नाही" म्हटलं. डबा शुद्ध हिंदीत म्हणाला की माफ करा, मला समजलं नाही. पंचफुला हसून हसून खाली बसली. मलाही हसू आलं. काकांना आलं नाही. शिवाय लाईट जाऊन आली की राउटर जागा व्हायला वेळ लागायचा, आणि प्लगला आधी कुठल्या तरी परदेशातल्या संगणकाची गाठ घ्यावी लागायची. काका म्हणाले, "आपल्या घरचा पंखा अमेरिकेले विचारून फिरते."

तरी त्यांनी मुलाला मोबाईलवर व्यवस्थित कळवलं. सामान मिळालं, आईला बोलता येत नाही, उपयोग नाही, दुसरा मार्ग पाहतो. मुलाने उत्तरादाखल अंगठ्याचं चित्र पाठवलं. काकांनी मोबाईल माझ्यापुढे धरून विचारलं, "ही पोच होय काय?" मी म्हटलं, हो काका, आता असंच असतं. ते म्हणाले, "आमच्या काळात ज्याले सही येत नव्हती तो अंगठा देत होता."

शेवटी जे जमलं ते छोट्या प्लगांचं जाळं. त्याचं कंपनीचं नाव काही असो, काका त्याला सांगोवांगी म्हणायचे. काकूंच्या उशाशी तीन बटणं. बटणाने निरोप जवळच्या प्लगला द्यायचा, त्याने पुढच्याला, त्याने त्याच्या पुढच्याला, आणि ज्याला निरोप मिळाला त्याने पोच त्याच वाटेने उलट धाडायची. पोच आली की बटणावर हिरवा ठिपका. मध्ये राउटर नाही, परदेश नाही, इन्व्हर्टर असला की झालं. गच्चीवर पंचफुला कपडे वाळत घालायची तिथे एक घंटी लावली. खालून गच्चीपर्यंत निरोप एका दमात जात नव्हता, म्हणून मधला एक प्लग माझ्या खोलीत बसवला. तो बसवताना काकांनी मला बजावलं की हे बटण बंद करू नको, तू आता मधला माणूस आहेस.

मी काटकसरी बाई. दिवाळीला चांदूरला जाताना खोलीचं मेन स्विच पाडून गेले. माझ्या वडिलांची शिस्त ती, गावाला जाताना लाईट बंद. परतले तेव्हा कळलं की एका दुपारी काकूंनी बटण दाबलं होतं, पुन्हा पुन्हा दाबलं होतं, हिरवा ठिपका आला नाही, आणि गच्चीवरची पंचफुला खाली येईपर्यंत त्या ओल्या अंथरुणात पडून होत्या. काका तेव्हा बाजारात होते. मला वाटलं आता खोली गेली. पण ते वर आले, प्लग चालू केला आणि माझ्या खुर्चीवर बसून सेमाडोहची गोष्ट सांगितली. एवढ्या वर्षांत त्यांनी ती मला एकदाच सांगितली.

पावसाळ्यात वरच्या ठाण्याहून निरोप आला होता की नाल्याला पूर आहे, पुलावर गाडी सोडू नका. निरोप घेणाऱ्याने तो कागदावर उतरवला, पोचही दिली. पण फाटकावर कळवायच्या आधी चहा प्यायला गेला. कागद टेबलावरच राहिला. एक जीप पुलावर गेली. "तो चहा मी पेलो," काका म्हणाले. मग उठून खाली गेले. मी पाणीही विचारलं नव्हतं.

त्या वर्षांत आमच्या टेबलावर कागदांचा खच पडलेला असायचा. एक साल कोरडं, एक साल ओलं, मग बोंडअळी, मग गारपीट. खेडोपाडीचे लोक सकाळच्या एसटीने यायचे, कपड्यात गुंडाळलेला अर्ज काढून दोन्ही हातांनी पुढे करायचे. आमच्या साहेबांचा एक तोंडी हुकूम होता. कागद घ्या, नाही म्हणू नका, नाही म्हटलं की बोंबाबोंब होते. पण पोच देऊ नका. नंबर पडला की उत्तर द्यावं लागतं. मी तसंच करत होते. "ठेवा, बघते," म्हणायचं आणि कागद टेबलाखालच्या गठ्ठ्यात टाकायचा. सुरुवातीला जड गेलं, मग सवय झाली. काकांना हे मी कधी सांगितलं नाही. त्यांच्या लेखी मी आपल्या लाइनची होते.

त्या फेब्रुवारीत गारा पडल्या त्या पंचफुलाच्या शेतावरही पडल्या. वांग्याची झाडं नुसती काटक्या होऊन उभी राहिली. पंचनामा करणारे शिवेपर्यंत आले आणि परत गेले. हिचं शेत शहरात धरायचं की गावात यावर त्यांचं एकमत झालं नाही. मग यादीत नाव घालायला अर्ज करणं आलं. अर्ज काकांनी लिहिला. वायरलेसचा निरोप लिहावा तसा, चार ओळी, एक शब्द जास्तीचा नाही. मदत मिळाली तर ते पुन्हा लागवड करणार होते, नाहीतर गाव सोडून मजुरीला जाणार होते. काकांना त्यातलं पुढचंही दिसत होतं. पंचफुला गेली तर काकूंना उचलणार कोण?

मुदतीला दोन दिवस असताना ती माझ्या टेबलापाशी आली. मागे मोठी रांग. तिने मला ताई म्हटलं. ऑफिसात मला मॅडम म्हणतात, मला ते ताई आवडलं नाही. मी कागद घेतला, ठेवा, बघते म्हटलं. ती हलेना.

"काकानं सांगतलं, पोच घेऊन येजो."

रांगेतले दोघंतिघं कान टवकारून ऐकत होते. एकीला पोच दिली असती तर सगळ्यांना द्यावी लागली असती. मी हसून म्हणाले, "अगं, मी काकांच्याच घरी राहते ना पंचफुलाबाई? माझ्यावर एवढाही भरवसा नाही?"

तिचा चेहरा पडला. आपण काहीतरी वाईट बोललो असं तिला वाटलं. "तसं नाही वं ताई," म्हणाली आणि पदर सावरत निघून गेली. मी कागद गठ्ठ्यात टाकला. पुढच्याला हाक मारली.

यादी लागली त्यात तिचं नाव नव्हतं. आठ दिवसांत हरकत घ्यायची सोय होती, पण अर्ज मुदतीत दिल्याचा पुरावा पाहिजे. हरकतीच्या खिडकीवर तिला विचारलं, पोच कुठे आहे? संध्याकाळी काका जिना चढून आले. हाक न मारता आले, हे मला तेव्हाच खटकलं. मी भाकरी करत होते. ते दाराशीच उभे राहिले.

"पोरी, पंचफुलाचा कागद तुह्या टेबलावर आला होता. तेवढंच लिहून दे. दुसरं काही नको. कागद मिळाला, तारीख, सही."

मी काय विचार केला ते खरं सांगते. तोंडी हुकूम साहेबांचा, पण वही माझ्या हातची. कागद मिळाला असं लिहून दिलं की पहिला प्रश्न मलाच, मग नंबर कुठे आहे? आणि माझा अमरावतीला बदलीचा अर्ज साहेबांच्याच टेबलावर पडून होता. चांदूरला आई एकटी होती, तिला दिसायचं कमी झालं होतं. अमरावतीहून रोज जाऊन-येऊन करता आलं असतं. मला ती बदली पाहिजे होती, फार पाहिजे होती.

मी तव्याकडे बघत म्हणाले, "काका, दिवसाला इतके कागद येतात. मला आठवत नाही."

भाकरी करपल्याचा वास आला.

"पोचलं," ते म्हणाले. "तुले आठवत नाही." आणि गुडघे धरत खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसला लवकर गेले. शिपायाने नुकता झाडू मारला होता, बाकी कुणी नव्हतं. गठ्ठा सोडला. कागद वरून तिसराच होता. चार ओळी, आणि खाली वेगळ्या ओळीवर "पोच द्यावी". हरकतीला अजून सहा दिवस होते. शिक्का पुढ्यात, वही पुढ्यात. मी शिक्का शाईत बुडवलासुद्धा. कुणी मला अडवलं नाही, कुणी आलं नाही, साहेबांना यायला पाऊण तास होता. मी शिक्का पुसून जागेवर ठेवला आणि गठ्ठा बांधून टाकला. लोक म्हणतात माणसाला परिस्थिती करायला लावते. मला त्या सकाळी परिस्थिती कुठे दिसली नाही. मी होते आणि टेबल होतं.

पुढचं काय झालं ते थोडक्यात सांगते. माझी बदली झाली. ती व्हायच्या आधी चार-पाच महिने मी त्याच घरात राहिले. काका मला मॅडम म्हणू लागले. पंचफुलाच्या जागी दोन बाया आल्या आणि गेल्या, एकीलाही काकू उचलता आल्या नाहीत. यंत्र चोख होतं. काकू बटण दाबायच्या, पोच यायची, पण धावून जाणारा माणूस सत्तरीचा होता. मी दोनदा म्हटलं, काका मी येते, मी धरते. ते म्हणाले, नको मॅडम, तुम्हाला ऑफिस आहे. एका सकाळी काकूंना वळवताना ते त्यांच्यासकट पडले आणि त्यांचं कमरेचं हाड मोडलं. मुलगा पुण्याहून आला, दोघांनाही घेऊन गेला. काकूंनी पुढची दिवाळी पाहिली नाही. काका गेल्याचं मला दोन वर्षांनी अमरावतीत कळलं. मी भेटायला गेले नव्हते. कोणत्या तोंडाने जाणार होते? असं म्हणायची पद्धत आहे, पण खरं म्हणजे मला जायचंच नव्हतं.

पंचफुला मात्र भेटून गेली होती. हरकतीचे दिवस संपल्यावर आठवड्याने एका सकाळी ती वर आली. नवरा खाली सामानाशी उभा होता. नाशिककडे द्राक्षाच्या बागेत काम मिळालं होतं, तिकडे निघाले होते. हातात मेथीची जुडी होती. गारांनंतर तिने एक वाफा पुन्हा पेरला होता, तेवढाच उगवला होता.

मला वाटलं आता ही विचारेल. मी मनाशी उत्तरही तयार केलं होतं, साहेबांचं नाव घेऊन.

"जाऊन राहिलो आमी, ताई," ती म्हणाली. "काकूकडे ध्यान ठेवजा."

मी मान हलवली.

"काका सांगत होते, तुमी माह्यासाठी लय भांडल्या म्हणे साहेबाशी. साहेबानंच ऐकलं नाही." तिने जुडी माझ्या हातात दिली. "त्या दिवशी म्या तुमच्यावर भरवसा नाही केला, तुमाले पोच मागतली. मनात ठेवजा नोका."

मी नाही ठेवत म्हणाले. ती जिना उतरून गेली. खाली काका तिच्या नवऱ्याला गाडीची वेळ सांगत होते, आणि तो ती परत म्हणून दाखवत होता.

मेथी कोवळी होती. मी ती निवडली, धुतली, भाजी केली आणि डबा भरून ऑफिसला नेली.